पायाला गार लागेपर्यंत

मे लागला की माझ्या दुकानात जळालेल्या मोटारी येऊ लागतात. वारंगा फाट्यावर पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं माझं छोटं दुकान आहे. विहिरीचं पाणी खाली जातं, मोटार कोरडी फिरते, आतल्या तांब्याच्या तारा जळतात. शेतकरी ती गोणपाटात गुंडाळून, मोटारसायकलला मागं बांधून आणतो आणि आजारी माणसाला बाजेवर निजवावं तसं हळूच टेबलावर ठेवतो. मी झाकण खोलतो. आधी जळक्या वार्निशचा उग्र वास येतो. तो ओसरला की त्याच्याखालून दुसरा येतो. शेवाळाचा, गाळाचा, कधीच ऊन न पाहिलेल्या दगडाचा. विहिरीच्या तळाचा वास.

बाहेर रस्त्यावर हळदीच्या गाड्या उभ्या असतात. शिजवलेली, वाळवलेली, घासून चकचकीत झालेली हळद पोत्यांतून बाजाराला निघालेली असते. वारा सुटला की दुकानातल्या पान्यांवरही पिवळी धूळ बसते. माझा उन्हाळा या दोन वासांचा. तिसराही एक वास आहे. त्याच्याबद्दल मी बावीस वर्षं कुणाशी बोललो नाही.

या मे महिन्यात भाचीचा फोन आला म्हणून बोलावं लागलं. आज लिहितो आहे तेही त्याच हिमतीवर.

माझं गाव साखरा. कोरडवाहू मुलूख. पावसाच्या पाण्यावर एक पीक, आणि मग आभाळाकडे बघत बसायचं. पण चिंचेखालच्या विहिरीला उन्हाळ्यातही दोन पुरुष पाणी राहायचं. त्या विहिरीत हुसेनचाचांनी गावातली दोन पिढ्यांची पोरं पोहायला शिकवली. चाचांचा धंदा विहिरी खोदायचा. उजव्या हाताची दोन बोटं सुरुंगात गेलेली. उरलेल्या तीन बोटांनी ते आमच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा असा बांधायचे की डबा फुटेल, गाठ सुटणार नाही. कमरेला दोर, दोराचं टोक चाचांच्या मुठीत. मग मागून ढकलायचे. वर येऊन आम्ही खोकत, रडत शिव्या द्यायचो आणि ते वर बसून बिडी पेटवत म्हणायचे, "दे, दे. शिवी देता येऊन राहिली म्हणजे श्वास बराबर चालू हाय."

विहिरीचं पाणी हिरवं. खोली दिसत नाही. पण उन्हाळ्यात वरचं हातभर पाणी तापलेलं असतं आणि त्याच्याखाली एकदम गार. दोन वेगळी पाणी एकावर एक ठेवल्यासारखी. चाचांची सगळी शिकवण या हातभर पाण्यात होती. "खोली डोळ्याला दिसत न्हाई बेटा. पायाला कळते. पायाला ऊन लागून राहिलं तवर खेळ. गार लागलं की समज, खाली लै हाय. वापस फिर."

पावसाळ्यात कयाधू नदीला लोंढा आला की ते आम्हाला लांब काठावर बसवायचे आणि गढूळ पाण्याकडे बोट दाखवायचे. थांबलेल्या पाण्यात उतरायचं, हलत्या पाण्यात नाही. आणि पाण्यात घाबरं झालं तर समोरचा काठ बघायचा, त्याच्याकडे सरळ हात मारायचे. चार हात मारले की दगड हाताला लागतो.

या सगळ्या गोष्टी खऱ्या होत्या. चाचांनी आम्हाला खोटं काही शिकवलं नाही. साखऱ्याच्या पंचक्रोशीत एवढ्या ज्ञानावर माणूस जन्म काढू शकतो. मी तर त्या विहिरीचा राजा होतो. चिंचेच्या फांदीवरून उडी मारून तळाची माती मुठीत घेऊन वर यायचो. पुढं कधी समुद्र बघायला मिळेल, असं माझ्या किंवा चाचांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

फोन वर्षाचा होता. वर्षा माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. ताई पुसेगावला दिलेली. वर्षा तिची एकुलती एक, आता स्वतः सात वर्षांच्या पोरीची आई. सुट्टीला माहेरी आली होती.

"मामा, आमी समुद्रावर जाऊन राहिलो. पुढच्या आठवड्यात. तेच गाव, आपण गेलो होतो ते."

"काहून?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"काहून म्हंजे? फिरायला. यांनी मोबाइलमध्ये बघितलं, तिथलं पाणी सध्या अंघोळीच्या पाण्यावानी हाय म्हणे. स्वराला पोहायला शिकवतो म्हणतात. हे तर विहिरीत मासोळीवानी पोहतात, तुमाला माहीतच हाय." मागून जावयाचा आवाज आला, "मामांएवढं न्हाई, पण बरं पोहतो म्हणावं." वर्षा हसली. "मामा, तुमी तर तिथं मला वाचवलेलं. सांगा ना, कोणत्या जागी उतरायचं? आई म्हणते, मामाला विचारल्याबिगर पाण्यात पाय घालायचा न्हाई."

मी म्हटलं, गिऱ्हाईक आलंय, नंतर करतो. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. टेबलावर एक मोटार उघडी पडली होती आणि मी तिच्याकडे बघत होतो.

बावीस वर्षांपूर्वी आम्हीही असेच गेलो होतो. ताई, दाजी, आठ वर्षांची वर्षा आणि मी. भाड्याची जीप, डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि पाण्याचा मोठा कॅन, कारण ताईला वाटत होतं की समुद्राकाठी प्यायला पाणी कुठून मिळणार. घाट उतरल्यावर हवा ओल्या फडक्यासारखी तोंडावर बसली. मग एका वळणावर नारळांच्या मधून तो दिसला.  दाजींनी टोपी काढली. मला आजही समुद्राचं पहिलं दर्शन म्हटलं की दाजींचं ते पांढरं कपाळ आठवतं. उन्हानं काळ्या पडलेल्या चेहऱ्यावरचा तेवढाच एक कोरा पट्टा.

गावाचं नाव लिहीत नाही. गावाची काही चूक नव्हती.

दुपार कलली होती. ताई आणि दाजी शहाळी प्यायला वर झाडीत थांबले. वर्षा माझं बोट ओढत होती. पाण्यात पाय घातला आणि मी चकित झालो. कोमट. बाळंतिणीच्या न्हाणीसाठी विसाण घालून सारखं केलेलं असावं तसं. घोट्याला कोमट, गुडघ्याला कोमट, कमरेलाही कोमट. मी पायाच्या अंगठ्यानं खालचं पाणी चाचपत होतो. गार कुठंच नव्हतं. म्हणजे खोल नाही. माझ्या पायानं मला सांगितलं आणि मी पायावर विश्वास ठेवला.

डावीउजवीकडे लाटा फुटत होत्या, पांढरा फेस उसळत होता. मधे मात्र एक पट्टा होता. रुंद, गडद, जवळजवळ गुळगुळीत. एकही लाट तिथं फुटत नव्हती. मला तो पट्टा विहिरीसारखा दिसला. म्हटलं, पोरीला त्या हलत्या पाण्यात कशाला न्यायचं, इथं थांबलेलं पाणी आहे.

ओल्या वाळूत एक बाई बसली होती. चाळिशीची असेल. लुगड्याचा काचा मारलेला, शेजारी टोपलं. वाळू उकरून शिंपल्या गोळा करत होती, तिसऱ्या म्हणतात तिकडे. आम्हाला त्या पट्ट्याकडे जाताना बघून तिनं हात वर केला.

"तिथं नको उतरू रे. ओहोटी लागलीय. ओढ आहे तिथं."

"आमी पट्टीचे पोहणारे हाव," मी म्हटलं.

"कुठचे तुम्ही?"

"हिंगोलीकडचे."

"तिथं समुद्र आहे?"

"समुद्र न्हाई. विहिरी हायत."

"मग विहिरीत पोहा की," ती म्हणाली आणि परत वाळू उकरायला लागली.

मला राग आला. हेही कबूल करतो. त्या रागात मी दोन पावलं जास्त टाकली.

छातीपर्यंत पाणी होतं. वर्षा माझ्या हाताला धरून पाय मारत होती, खिदळत होती. आणि मग पायाखालची वाळू गेली. लाट नाही, धक्का नाही, आवाज नाही. जत्रेतल्या गर्दीत आपण चालत नाही तरी पुढं सरकत राहतो, तसं ते पाणी आम्हाला आत घेऊन निघालं. काठावरच्या होड्या बारीक होत गेल्या. पाणी तरीही कोमटच. ती गोष्ट मला सगळ्यात भयंकर वाटते. मरणाच्या तोंडात असताना अंगाला इतकं सुखाचं काही लागत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी तेच केलं जे मला येत होतं. काठ बघितला आणि सरळ त्याच्याकडे हात मारले. एका हातानं, कारण दुसऱ्या हातात वर्षा होती. चार हात, दहा हात, चाळीस हात. दगड हाताला लागला नाही. काठ होता तिथंच होता, नाही, लांब जात होता. वर्षा एव्हाना रडायची थांबली होती. तिची बोटं माझ्या बोटांत घट्ट रुतली होती.

मी आजवर सगळ्यांना सांगत आलो की लाटेनं तिचा हात निसटला आणि मी परत जाऊन तिला पकडलं. ते खोटं आहे. लाट नव्हतीच तिथं. दोन हात असते तर मी पोहू शकलो असतो, असं मला वाटलं. ते वाटलं आणि मी बोटं उघडली. तिनं सोडलं नव्हतं. तिची बोटं मी माझ्या बोटांतून काढली, एक एक करून. त्याला किती वेळ लागला असेल? क्षणभर. पण त्या क्षणात मी तिच्याकडे बघितलं नाही, हे मला नीट आठवतं. मी काठाकडे बघत होतो.

मग आवाज आला. "आडवा ये! काठाकडे नको, आडवा!"

ती बाई बाजूच्या फुटणाऱ्या लाटांत छातीपर्यंत उभी होती. मला भीती वाटलेलं पांढरं, हलतं पाणी होतं ना, तेच उथळ होतं. खाली वाळूचा बांध होता म्हणून तर लाटा तिथं फुटत होत्या. ती त्या बांधावरून, फेस तोंडावर घेत पुढं आली, कडेला वाहत आलेल्या वर्षाचा फ्रॉक तिनं पकडला आणि पोरीला खांद्यावर टाकलं. मी तिच्या आवाजाकडे आडवा पोहलो. वीसेक हात मारले असतील. पायाला वाळू लागली. इतकं जवळ होतं.

बाईनं माझ्याकडे बघितलं. तिनं काय काय पाहिलं होतं, मला माहीत नाही. ती वर्षाला माझ्या हातात देऊन म्हणाली, "धर. घट्ट धर. कोरडं कर तिला, आणि गोड काहीतरी पाज."

आणि मी पोरीला छातीशी धरून पाण्यातून बाहेर आलो. ताई आणि दाजी धावत येताना त्यांना जे दिसलं ते हे. भाऊ समुद्रातून लेकरू घेऊन बाहेर येतोय. ताईनं माझे पाय धरले. ओल्या वाळूत, थोरल्या बहिणीनं. मी तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात दाजी म्हणाले, "तू नसता तर काय झालं असतं रे," आणि माझं तोंड मिटलं. पुढं ते उघडायला बावीस वर्षं लागली.

मागं ती बाई तिचं टोपलं सरळ करत होती. धावताना ते लवंडलं होतं, दुपारभर वेचलेल्या शिंपल्या पाण्यानं परत नेल्या होत्या. मी एकदा मान वळवून बघितलं. ती वाकून, उरल्या तेवढ्या गोळा करत होती. तिचं नाव मी विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर, जीपमध्ये, वर्षा अर्धवट झोपेत म्हणाली, "मामा, तुझ्या अंगाला मासोळीचा वास काहून येत होता?" मी म्हटलं, "समुद्राचा असतो तसा वास." तो माझा नव्हता आणि समुद्राचाही नव्हता. तो त्या बाईच्या लुगड्याचा वास होता. तिसरा वास म्हणालो तो हा.

त्यानंतर मी पाण्यात उतरलो नाही. विहिरीतही नाही. सगळ्यांना सांगितलं, कान फुटलाय, डॉक्टर नको म्हणतात. हुसेनचाचांनाही तेच सांगितलं. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कानाची तकलीफ हाय व्हय? बरं. कमी झाली की ये." त्यांची तब्येत नंतर खालावत गेली, आणि माझी तकलीफ कमी झालेली बघायला ते राहिले नाहीत.

मान मात्र वाढत गेला. दर राखीला ताई माझ्या हाताला राखी बांधून झाल्यावर शेजारणींना ती गोष्ट सांगायची. मी मान खाली घालून बसायचो. वर्षाच्या लग्नात तर कळस झाला. आपल्याकडे नवरीला मामा हाताला धरून मांडवात आणतो. मी तिचा हात धरला. मेंदी लावलेला, घामेजलेला, आता मोठा झालेला तोच हात. मंगलाष्टकं चालू होती, लोक अक्षता टाकत होते, आणि माझी बोटं थरथरत होती. वर्षा हळूच म्हणाली, "मामा, भिऊ नका, मी पळून न्हाई जाऊन राहिले." आजूबाजूच्या पोरी हसल्या. मीही हसलो. त्या रात्री मी जेवलो नाही.

एवढं सगळं पोटात ठेवून जगता येतं, हे मी सांगू शकतो. दुकान चालतं, सणवार होतात, माणूस हसतो. पण या मेमध्ये गोष्ट माझ्या एकट्याची राहिली नव्हती. ताईसकट ते चौघं माझ्या खोट्यावर विसंबून समुद्रात उतरणार होते. जावई विहिरीत तयार झालेला. तो पायानं गार-ऊन बघणार, शांत पट्टा शोधणार, संकट आलं तर सरळ काठाकडे हात मारणार. आणि त्याच्या एका हातात स्वरा असणार. माझी गोष्ट त्याला सांगत होती की पट्टीचा पोहणारा असला की निभावतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि पुसेगावला गेलो.

ताई अंगणात बाजेवर कुरडया घालत होती. साच्यातून पांढरी चिकाची वेटोळी पडत होती. सत्तरीकडे झुकलेली, पण हात अजून यंत्रासारखा. वर्षा तिच्या मदतीला. जावई सावलीला बसून स्वरासाठी आणलेली हवेची रबरी चकती फुगवत होता. दाजींचा फोटो ओसरीवर, त्यात टोपी घातलेली.

"या समुद्रवीर," जावई म्हणाला. "बघा, तयारी जोरात हाय."

ताईनं माझ्याकडे बघून विचारलं, "दुकान बंद करून आला? काहून रे, बरं न्हाई का?"

मी उभ्यानंच सांगायला लागलो. बसलो असतो तर उठून गेलो असतो. पाणी कोमट होतं तिथून सुरू केलं, बाईशी बोललो ते, पट्टा, वाळू, सगळं. हात सोडला तिथवर आलो तेव्हा थांबलो. पाणी प्यालो. मग तेही सांगितलं. एक एक बोट काढलं, असंच सांगितलं. वर्षासमोर.

साचा थांबला नाही. ताई कुरडई घालतच होती. वेटोळं पुरं झालं तरी ती फिरवतच राहिली, एकावर एक, चिकाचा ढीग झाला. जावयानं चकतीचं तोंड सोडलं होतं, तिच्यातली हवा सूं करत जात होती. 

मग ताईनं साचा खाली ठेवला.

"तिला पाणी तरी विचारलं का तू?"

"कुणाला?"

"त्या बाईला."

"न्हाई."

"तिचं टोपलं सांडलं, आन आपण चौघं तिच्यासमोरून जीपमध्ये बसून निघून आलो." ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलत होती. "मी तिला बघितलं होतं. वाकून कायतरी वेचून राहिली होती. मी तिच्यासमोर तुझे पाय धरले."

"व्हय."

"ती काय म्हणली असंल रे मनात."

मला वाटलं होतं ती मला काहीतरी म्हणेल. शिवी देईल, नाहीतर रडेल. तिनं पदरानं हात पुसले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "राखीला तू मान खाली घालायचा. मला वाटायचं, लाजतो. चांगल्या गुणाचा हाय म्हणून लाजतो." एवढं बोलून ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.

वर्षा कधीची माझ्या हातांकडे बघत होती. मी ते मागं घेतले.

"तो वास," ती म्हणाली. "मासोळीचा. मला वाटायचं मी स्वप्नात बघितलं. कुणाच्या तरी ओल्या खांद्यावर माझं तोंड हाय आन लुगड्याला मासोळीचा वास येऊन राहिला. मी आईला लै वेळा विचारलं, मामाच्या शर्टाला लुगड्याचा काठ कसा काय. आई म्हणायची, तू भ्यालेली होती." तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "म्हंजे ती खरी होती."

"खरी होती."

"बरं झालं."

  मला माफ केलं का, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि अजून विचारलेलं नाही. तो तिचा हक्क आहे, तिच्या सवडीनं. पण "बरं झालं" म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बघितलं. इतक्या वर्षांनी कुणाला तरी त्याची हरवलेली वस्तू परत मिळाल्यासारखं. ती वस्तू मी दाबून ठेवली होती.

मग बोलला तो जावई. खाली बघत, बसलेली चकती घडी घालत. "मामा, मग कळायचं कसं? खोल कुठं हाय ते?"

तेव्हा कुठं मी बसलो. त्याला सगळं सांगितलं. मधल्या वर्षांत जिथं जिथं समुद्राबद्दल दोन ओळी छापून आल्या, त्या मी चोरून वाचल्या होत्या, जणू त्यानं काही फिटणार होतं. म्हटलं, गार-ऊन बघू नका. त्या दिवसांत समुद्राचं पाणी सगळीकडं सारखंच ऊन लागतं, ते काही सांगत नाही. लाटा फुटतात तिथं खाली वाळू असते. जिथं फुटत नाहीत, शांत, काळपट दिसतं, तिथूनच आलेलं पाणी परत जात असतं आणि माणसाला घेऊन जातं. लाल बावटा असला तर पायही घालू नका. शिट्टी घेऊन उभा असलेला माणूस असतो हल्ली, त्याला विचारा. तो नसला तर तिथल्या कुणालाही विचारा, आणि ते नको म्हणाले तर रागावू नका. ओढलंच कधी, तर काठाकडे झगडू नका. आडवं जा, किनारा धरून. दमलात तर पाठीवर पडा, तरंगा, हात वर करा.

"आन लेकराला?" त्यानं विचारलं.

याचं उत्तर मला येत होतं. पण ते वर्षानंच दिलं. "लेकराला घेऊन घोट्याच्या पुढं जायचंच न्हाई."

निघताना ताई बाहेर आली. तिनं माझ्या हातात कुरडयांची पिशवी दिली, दरवर्षी देते तशी. मी ती घेतली आणि माझ्या स्कूटरच्या डिकीतून हळदीचं छोटं पोतडं काढून तिच्यासमोर ठेवलं. साखऱ्याच्या घरच्या शेतातल्या नव्या विहिरीवर पिकवलेली, या वर्षीची. "ती भेटली तर," मी म्हटलं. "नाव माहीत न्हाई. आता साठीची असंल."

"तू बी चल ना," ताई म्हणाली.

मी गेलो नाही. मेमध्ये मोटारी जळतात, लोकांची उरलीसुरली पिकं त्यावर असतात, हे कारण खरं आहे. दुसरंही एक आहे, तेही खरं आहे. पण तिनं चल म्हटलं. फाट्याकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं होती, गुलमोहर पेटले होते आणि गाडीच्या डिकीत कुरडया खडखडत होत्या. मी हेल्मेटच्या आत रडलो. दुःख नव्हतं ते. मला वाटतं, देणाऱ्याला आपण पात्र नाही हे ठाऊक असतं आणि तरी तो देतो, तेव्हा असं होतं. त्या वाळूतल्या बाईनं मला लेकरू दिलं होतं. घट्ट धर म्हणाली होती. ज्यानं सोडलेलं तिनं कदाचित पाहिलं होतं, त्याच्याच हातात दिलं होतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी साखऱ्याला गेलो. चिंचेखाली पोरं उड्या मारत होती. पाठीला आता पत्र्याचे डबे नाहीत, तेलाचे प्लॅस्टिकचे कॅन असतात. कपडे काढून कडेवरून हळूहळू उतरलो. वरचं हातभर पाणी ऊन होतं. त्याखाली पाय गेला आणि गार लागलं. बावीस वर्षांनी. चाचांच्या आवाजासारखं स्पष्ट. मी तिथूनच वापस फिरलो, काठावर बसलो आणि बराच वेळ पाय पाण्यात सोडून राहिलो.

परवा फोन आला. वर्षाचा. मागं वाऱ्याचा आणि पाण्याचा आवाज होता.

"मामा, ती न्हाई भेटली. पण इथं ओहोटीला बाया बसतात शिंपल्या काढायला, सात-आठ जणी. आईनं काय केलं माहितीये? प्रत्येकीच्या ओंजळीत हळद घातली. त्या म्हणल्या, कशाबद्दल? आई म्हणली, तुमच्यातल्या एकीनं माझं लेकरू वाचवलं होतं, ती कोण ते मला माहीत न्हाई, म्हणून सगळ्याजणींना." वर्षा थांबली. "एक म्हातारी म्हणली, आम्ही पोरांना ओढून काढतच असतो, लक्षात कोण ठेवतो. आन हळदीचा वास घेऊन म्हणली, लै चांगली हाय, कुठली? मी सांगितलं, हिंगोलीची. ती हसली. विचारते, तिथं समुद्र आहे?"

 तिकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"आबा," स्वरा म्हणाली, "इथं पाणी ऊन हाय."

"कुठवर उतरली तू?"

"घोट्यापर्यंत. आजीनं हात धरलाय माझा. सोडून राहिलीच न्हाई."

"धरू दे," मी म्हटलं.